विसरून जा म्हणताना जायचं कुठं? फ्रेजल व्हर्ब शिकण्याची माझी रीत

मी वेरूळ-अजिंठ्याला गाइड आहे. शिक्षण खुलताबाद तालुक्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. तिन्ही काळ पाठ, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह पाठ, दहावीला मार्कही बरे पडले. तरी धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका फोननं माझा अख्खा दिवस बुडवला.

एका परदेशी जोडप्याला दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला न्यायचं होतं. रात्री साहेबांचा फोन आला, "वुई हॅव टु कॉल ऑफ अजंता." मला त्यातला ‘कॉल’ तेवढा ऐकू आला. वाटलं, सकाळी निघायच्या आधी फोन करणार असतील. मी म्हणालो, "येस सर, नो प्रॉब्लेम." पहाटे साडेपाचला चुलत भावाला उठवलं आणि त्याची जीप घेऊन सहाला हॉटेलच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. आठ वाजले तरी फोन नाही. नऊला रिसेप्शनवरच्या पोरानं सांगितलं, बाईंची तब्येत रात्रीपासून बिघडली आहे, त्यांनी तर कालच जाणं रद्द केलं. भावानं माझ्यासाठी सिल्लोडचं दुसरं भाडं सोडलं होतं. तो रागावला नाही, पण घरापर्यंत एक शब्दही बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

कॉल ऑफ म्हणजे ठरलेलं रद्द करणं. ‘कॉल’ मला येत होता, ‘ऑफ’ही येत होता. दोघं एकत्र आले आणि तिसराच अर्थ झाला. क्रियापद आणि त्याला जोडलेला ऑफ, अपसारखा छोटा शब्द, अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, आणि तिची खरी अडचण इथं आहे. अवघड शब्द आला की माणूस थांबतो, विचारतो, शब्दकोश उघडतो. इथं दोन्ही शब्द ओळखीचे असतात, म्हणून आपण थांबतच नाही आणि समजलं असं धरून पुढं जातो.

ही अडचण आपल्याच वाट्याला आलेली नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला एक छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही रीत परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. ज्यानं सगळी इंग्रजी चाळून काढली तोच असं म्हणतो, तर आपण स्वतःला मठ्ठ समजायचं काहीच कारण नाही.

आता माझी रीत सांगतो. ती मला कुठल्या क्लासात मिळाली नाही, एका मुलीच्या प्रश्नातून मिळाली.

लेण्यांच्या अभ्यासासाठी एक परदेशी विद्यार्थिनी काही महिने इकडं राहिली होती. मराठी शिकून आली होती. एकदा बोलता बोलता मी तिला म्हणालो, "ते आता विसरून जा." तिनं वही काढली आणि अगदी मनापासून विचारलं, "विसरून जायचं कुठं?"

मला उत्तर देता येईना. कुठंच जायचं नसतं. मग तिनं वहीतली पानं दाखवली. एका पानावर ‘टाकणे’: खाऊन टाक, सांगून टाक, विकून टाकलं. यात फेकलं काहीच जात नाही, काम एकदाचं संपतं. दुसऱ्या पानावर ‘बसणे’: बोलून बसला, पैसे घालवून बसला. माणूस उभा असला तरी आपण ‘बसला’च म्हणतो, कारण झालेलं परत फिरत नाही आणि त्याची हळहळ त्या ‘बसला’मध्ये असते. सांगून ठेव, म्हणजे पुढं उपयोगी पडेल. जेवून घे, म्हणजे स्वतःसाठी. लिहून दे, म्हणजे दुसऱ्यासाठी. शाळेत आपण याला संयुक्त क्रियापद म्हणून एक मार्क मिळवला आणि सोडून दिलं. ती पोरगी मात्र ‘टाक’ आणि ‘बस’ यांच्या नावानं पानं करून मराठी शिकत होती.

त्या रात्री मी माझी वही उलटी केली. तोपर्यंत मी पुस्तकात असतं तसं ‘गेट’चे चाळीस अर्थ, ‘टेक’चे तीस, ‘पुट’चे पंचवीस असे पाठ करत होतो. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट थ्रू. चार दिवसांत सगळ्यांचा काला व्हायचा. आपल्या मराठीत जसं ‘खाऊन टाक’चा रंग ‘खा’मध्ये नसून ‘टाक’मध्ये आहे, तसं इंग्रजीत पुष्कळदा तो त्या मागच्या छोट्या शब्दात असतो. म्हणून पान त्याच्या नावानं करायचं. अप, आऊट, ऑफ, डाऊन, ऑन, ओव्हर, अवे, बॅक, थ्रू. सुरुवातीला एवढी नऊ पानं पुरेत. पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्याचा रंग मराठीत लिहायचा आणि खाली आपल्या आयुष्यातली वाक्यं. ती आपलीच हवीत. पुस्तकातला जॉन आणि त्याची मेरी आपल्याला आठवत नाहीत, आपली आटलेली विहीर आठवते.

ऑफच्या पानापासून सुरुवात

कॉल ऑफनं मला धडा दिला म्हणून माझं पहिलं पान ऑफचं. ऑफचा रंग: चिकटलेलं, जोडलेलं ते सुटं होणं. बूट पायाला असतात, ते सुटे होतात: टेक ऑफ. घृष्णेश्वराच्या देवळापाशी आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांपाशी मी दिवसातून कितीदा तरी म्हणतो, "प्लीज टेक ऑफ युवर शूज." भिंतीवरच्या रंगाचे पोपडे सुटतात, तेव्हा पेंट फ्लेक्स ऑफ. पुराचं पाणी पुलावर आलं की वस्ती गावापासून तुटते: कट ऑफ. जीपमधून पाहुण्यांना हॉटेलला उतरवलं: ड्रॉप ऑफ. पोरीला पुण्याच्या गाडीत बसवून निरोप दिला: सी ऑफ. आपण घरून निघालो, म्हणजे घरापासून सुटलो: सेट ऑफ. ठरलेला दिवस वहीतून सुटा झाला: कॉल ऑफ. आणि तो दिवस जागेवरून हलवून पुढं ढकलला, तर पुट ऑफ.

या शेवटच्या दोघांत पाहुण्यांचा आणि माझा पैसा अडकलेला असतो म्हणून फरक पक्का करा. पुट ऑफ म्हणजे होणार आहे, पण नंतर. कॉल ऑफ म्हणजे होणारच नाही.

मग एक दिवस गडबड झाली. पाहुणे म्हणाले, "द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह." मला वाटलं गजर बंद पडला, पण त्यांना म्हणायचं होतं की गजर वाजला. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे लाइट गेली, ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला, ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. एकाच जोडीचे तीन अर्थ, त्यातले दोन जवळजवळ उलटे. रंग ओळखायची रीत इथं थोडी कमी पडते, हे मान्य करायला हवं. मी गजराला बंदुकीशी जोडलं. गोळी सुटते तसा दाबून धरलेला आवाज सुटतो, म्हणून ऑफ. ही माझी खूण आहे, तुम्ही तुमची करा. आणि हा इंग्रजीचा अन्याय वाटला तर आपलं ‘लागणे’ आठवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, बोलणं लागतं, आणि गाडी तर दोनदा लागते: एकदा फलाटाला आणि एकदा घाटात पोटात ढवळल्यावर. आपल्या पोराला हे कुणी तक्ता करून शिकवलं नाही. प्रत्येक वेळी आजूबाजूला काय चाललंय त्यावरून त्याला ते कळत गेलं.

अप आणि आऊट

अपचं पान सगळ्यात लांब होतं. त्याचा पहिला अर्थ सरळ ‘वर’: स्टँड अप, पिक अप. आपल्या फाट्यावरचं पिकअप शेड आणि माल नेणारी पिकअप गाडी दोन्ही त्याच घरातली. दुसरा रंग आपल्या ‘टाकणे’चा, म्हणजे पूर्ण संपवणं. ईट अप, खाऊन टाक. यूज अप, वापरून टाकणं. ड्राय अप, पार आटून जाणं. ‘अवर वेल ड्राइज अप इन मार्च’ हे माझ्या पानावरचं पहिलं वाक्य आहे आणि मराठवाड्यात ते कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. नुसतं ड्राय म्हणालं तर कपडेही वाळतात. अप लागलं की थेंबही उरला नाही.

तिसरा रंग जवळ येऊन गाठण्याचा. दौलताबादचा किल्ला चढताना वयस्कर पाहुणे मागं पडतात आणि म्हणतात, "यू गो अहेड, वुई विल कॅच अप." तुम्ही व्हा पुढं, आम्ही गाठतो. बरोबरीनं चालत राहणं ते कीप अप. ठरल्या जागी येऊन उगवणं ते टर्न अप. आणि अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा बोगदा, पार करून वरच्या पायऱ्या बघितल्यावर काही जण बसकण मारतात, ते गिव्ह अप. याला मराठीत ‘सोडून देणे’ असं लिहू नका, ‘हात टेकणे’ लिहा. लगेच चित्र उभं राहतं.

आऊटचा रंग: आतलं बाहेर येणं, झाकलेलं उघडं होणं. फाइंड आऊट म्हणजे पत्ता लावणं, पॉइंट आऊट म्हणजे दाखवून देणं, फिगर आऊट म्हणजे डोकं लावून उकल काढणं. मग बाहेर येता येता संपणंही त्यात आलं. ‘वुई रॅन आऊट ऑफ वॉटर’ म्हणजे आमचं पाणी संपलं. दिवा किंवा आग विझवणं ते पुट आऊट. चालून चालून चपलेचा तळ झिजला, तो वोअर आऊट झाला, आणि दिवसभर चालून माणूस गळून गेला तरी तो वोर्न आऊटच.

लेण्यांमधून एक फेरी

पान नुसतं वाचून त्यात जीव येत नाही. ते शब्द एका गोष्टीत ओवावे लागतात. माझ्याकडं गोष्ट तयार होती, कारण रोज तीच सांगतो. तुम्ही तुमच्या दिवसाची करा: दुकान उघडण्याची, कापूस वेचण्याची, स्टँडवरून कॉलेजला जाण्याची.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. तो वाघाच्या शिकारीला आला होता. दहाव्या लेण्यात त्यानं खांबावर कोरलेलं नाव आजही आहे. तो शोधत होता वाघ: ही वॉज लुकिंग फॉर अ टायगर. त्याला दिसली लेणी: ही केम अक्रॉस द केव्ह्ज. कम अक्रॉस म्हणजे शोधत नसताना अचानक समोर येणं. लुक फॉर म्हणजे शोधणं, पण सापडेलच असं नाही. फाइंड म्हणजे सापडणं. फाइंड आऊट म्हणजे वस्तू नव्हे, माहिती मिळणं. ‘आय फाउंड आऊट माय कीज’ चुकीचं, कारण किल्ली सापडते, तिचा उलगडा होत नाही. या एका वाघाच्या गोष्टीनं हे चारही माझ्या डोक्यात कायमचे बसले. शिकवण्या घेणाऱ्या पोरांनाही मी हीच सांगतो.

वेरूळचं कैलास लेणं, सोळा नंबरचं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचं. ते बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. म्हणून ‘बिल्ट अप’ म्हणायचं नाही. बिल्ट अप म्हणजे खालून वर रचत नेलेलं. इथं उलटं झालं, कारागीर डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत गेले: दे वर्क्ड देअर वे डाऊन. नको असलेला दगड तोडून दूर केला: दे कट अवे द रॉक. एकाच खडकातून ते बाहेर आलं: कार्व्ह्ड आऊट ऑफ अ सिंगल रॉक. डाऊन, अवे, आऊट. तीन छोट्या शब्दांत कैलास कसं झालं ते सगळं येतं. पाहुणे मान वर करून बघतात तेव्हा लुक अप. आणि रात्री हॉटेलात जाऊन राष्ट्रकूट म्हणजे कोण हे शोधतात तेही लुक अप, म्हणजे कोशात किंवा फोनवर बघून घेणं. एखाद्याला मोठं मानून त्याचा आदर करणं ते लुक अप टू. मान तिन्हीकडं वरच आहे.

डाऊनचं पान मला सगळ्यात आवडतं, कारण एक जागा अशी आहे जिथं दोन्ही भाषा एकच चित्र बघतात. राइट डाऊन. आपणही म्हणतो, फळ्यावरचं उतरवून घे. बोललेलं हवेतून कागदावर उतरतं. तसंच पास डाऊन, पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेलं. पुढं डाऊन कमी करण्याकडं जातो: स्लो डाऊन, कट डाऊन, काम डाऊन. आणि बंद पडण्याकडं: ब्रेक डाऊन. एसटी रस्त्यात उभी राहिली की सगळा महाराष्ट्र ब्रेकडाऊन म्हणतोच. फक्त इंग्रजी बोलताना ‘द बस वॉज ब्रोकन डाऊन बाय इंजिन’ असं करू नका. बस आपली आपण बंद पडते: द बस ब्रोक डाऊन.

ऑनचा रंग चालू राहण्याचा: गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन. आमच्याकडं ‘तो अजून काम करू राहिला’ असं म्हणतात. त्या ‘राहिला’ला ऑन समजा. बॅक म्हणजे परत, अवे म्हणजे दूर. यांना वेळ द्यायची गरज नाही. थ्रू म्हणजे आरपार. गो थ्रू म्हणजे त्यातून जाणं, सोसणं. गेट थ्रू म्हणजे निभावून पार होणं. ओव्हरमध्ये एक खड्डा आहे तेवढा सांगतो. ओव्हरटेक म्हणजे रस्त्यावर पुढं जाणं. टेक ओव्हर म्हणजे कारभार हातात घेणं. दोघांची अदलाबदल केली तर ट्रक कंपनीचा मालक होतो.

इट कुठं बसतो

आपल्या ‘खाऊन टाक’ची मधूनच फोड होत नाही. इंग्रजीची होते, आणि बोलताना बहुतेकांची चूक इथंच होते. टेक ऑफ युवर शूज बरोबर, टेक युवर शूज ऑफ हेही बरोबर. पण बुटांऐवजी ‘देम’ आला की तो मधेच बसायला हवा: टेक देम ऑफ. ‘टेक ऑफ देम’ होत नाही. चित्रांच्या लेण्यांत कॅमेऱ्याचा फ्लॅश चालत नाही, म्हणून मी सांगतो, "टर्न इट ऑफ, प्लीज." ‘टर्न ऑफ इट’ म्हणालो तर त्यांना समजतं, पण कानाला खडा लागतो.

काही जोड्या मात्र फुटतच नाहीत. लुक आफ्टर हर, लुक फॉर इट, कम अक्रॉस देम, गेट ऑन इट. तीन शब्दांच्या पुष्कळ जोड्याही फुटत नाहीत: पुट अप विथ इट, रन आऊट ऑफ इट. कुठली फुटते आणि कुठली नाही, याचे नियम पुस्तकात आहेत, पण बोलताना नियम आठवायला वेळ नसतो. म्हणून वहीत प्रत्येक जोडीचं एक वाक्य ‘इट’ किंवा ‘देम’ घालूनच लिहा. ‘पिक अप = उचलणे’ हे लिहून काही साधत नाही. ‘पिक देम अप ॲट नाइन’ असं लिहा. अर्थ, जागा, चाल, तिन्ही एका ओळीत मिळतात.

चालीवरून आठवलं. हे मोठ्यानं म्हणावं लागतं. पिक देम अप म्हणताना जोर ‘अप’वर पडतो. आपण मराठी माणसं ‘पिक’वर जोर देऊन ‘अप’ गिळतो, आणि अर्थ तर अपमध्येच असतो. समोरचा बोलतो तेव्हा शब्द एकमेकांत मिसळतात. पिक इट अप हे ‘पिकिटप’ ऐकू येतं, फिगर इट आऊट हे ‘फिगरिटाऊट’. हे कानाला माहीत नसेल तर येणारी जोडीसुद्धा हातातून निसटते. मी गाडीत पाहुण्यांचं आपसांतलं बोलणं याच कानानं ऐकतो. तुम्ही इंग्रजी बातम्या किंवा क्रिकेटचं समालोचन ऐका. अर्थ सगळा लागला नाही तरी चालेल, फक्त वाक्याच्या शेवटी येणारे अप, ऑफ, आऊट पकडायचे.

आणि तीच जोडी नाम झाली की जोर पुढं सरकतो आणि शब्द एक होतो. चेकआऊटची वेळ बारा, इथं जोर ‘चेक’वर. पण ‘वुई चेक आऊट ॲट ट्वेल्व्ह’ म्हणताना दोन शब्द आणि जोर ‘आऊट’वर.

घरचं मराठी वापरा

मला वाटतं फ्रेजल व्हर्ब आपल्या पोरांना परके वाटतात, कारण त्यांचे अर्थ गाइडमध्ये फार जड मराठीत छापलेले असतात. पुट ऑफ: स्थगित करणे. पुट अप विथ: सहन करणे. लुक इंटू: अन्वेषण करणे. हे अर्थ चूक नाहीत, पण हुकलेले आहेत. इंग्रजीत एकाच गोष्टीला बहुतेक दोन शब्द असतात: एक लॅटिनकडून आलेला कचेरीतला, एक घरातला. पोस्टपोन कचेरीतला, पुट ऑफ घरातला. टॉलरेट कचेरीतला, पुट अप विथ घरातला. आपल्याकडंही तसंच आहे, स्थगित करणं कचेरीत आणि पुढं ढकलणं घरात. तेव्हा घरातल्याला घरातलाच जोडीदार द्या. पुट अप विथ म्हणजे चालवून घेणं. ब्रिंग अप म्हणजे लहानाचं मोठं करणं. फॉल आऊट म्हणजे बिनसणं. गेट ऑन विथ म्हणजे पटणं. लेट डाऊन म्हणजे ऐनवेळी तोंडघशी पाडणं. शो ऑफ म्हणजे मिरवणं. मेक अप म्हणजे मनानं रचून सांगणं, आणि भांडण मिटवून पुन्हा बोलायला लागणं हेसुद्धा मेक अप. हे अर्थ सुचले नाहीत तर आजीला विचारा. "नवऱ्याची खोड बायको काय करते?" असं विचारलं की ती ‘चालवून घेते’ हा शब्द आपसूक देते.

याचाच दुसरा उपयोग असा की कुठं काय वापरायचं ते कळतं. नोकरीचा अर्ज किंवा स्पर्धा परीक्षेतला निबंध लिहिताना पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट बरे दिसतात. बोलताना मात्र ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस रूम’ म्हणणं फार कडक होतं. कॅरी आऊट, सेट अप अशा थोड्या जोड्या दोन्हीकडं चालतात.

आता आपण भारतात तयार केलेल्या काही जोड्या. त्या आपसांत चालतात, परदेशी माणसासमोर चालत नाहीत. मी एका बाईंना सांगितलं, "आय पास्ड आऊट फ्रॉम कॉलेज." त्या काळजीनं माझ्याकडं बघायला लागल्या, कारण त्यांच्या इंग्रजीत पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणं. आपल्याला म्हणायचं असतं ग्रॅज्युएट झालो; तेव्हा ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘कोप अप विथ’ असं काही नाही, नुसतं कोप विथ. ‘रिटर्न बॅक’मध्ये बॅक जास्तीचा आहे, ‘डिस्कस अबाऊट’मध्ये अबाऊट. आणि ‘ऑन द लाइट’, ‘ऑफ द फॅन’ हे आपलं ‘लाइट ऑन कर’ जसंच्या तसं उचलल्यामुळं होतं. तिथं स्विच किंवा टर्न लागतो: स्विच इट ऑन. पत्राच्या शेवटी सगळे लिहितात ते ‘लुकिंग फॉरवर्ड टु’, त्याच्यापुढं ‘मीट’ येत नाही, ‘मीटिंग’ येतं: लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू.

किती करायचं ते सांगतो. दिवसाला तीन जोड्या, जास्त नाही. प्रत्येकीचं एक वाक्य आपलं, इट किंवा देम बसत असेल तिथं तो बसवून. दुसऱ्या दिवशी डावा भाग झाकून म्हणायचं, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ, म्हणून माझा मंगळवार उजळणीचा. नवीन जोडी ऐकू आली तर तिला आधी छोट्या शब्दाच्या पानावर नेऊन बसवून बघायची. रंग जुळला तर अर्थ अर्धा हातात आला. नाहीच जुळला तर सरळ विचारायचं, "व्हॉट डु यू मीन बाय दॅट?" मी त्या रात्री फोनवर एवढं विचारलं असतं तर भावाचं भाडं गेलं नसतं.

तो भाऊ अजूनही माझ्याबरोबर गाडी चालवतो. शाळा सातवीत सुटली त्याची. वही त्यानं कधी केली नाही, पण गाडीत बसून माझं म्हणणं ऐकत आला. परवा मी दौलताबादला दुसऱ्या ग्रुपबरोबर होतो आणि चौघं जण खुलताबादच्या फाट्यावर बंद पडलेल्या बसपाशी अडकले होते. त्याला फोन लावला तर तो आधीच त्यांच्याशी बोलत होता. फोन तसाच कानाला ठेवून मी ऐकलं. तो त्यांना म्हणत होता, "बस ब्रोक डाऊन, नो प्रॉब्लेम. आय पिक यू अप, आय ड्रॉप यू ऑफ." मग मला म्हणाला, "तू कामून फोन केला? मी निघालो ना."